कायद्याने घडविलेली पत्नी

वसईतील होळीच्या बाजारात शेजारी शेजारी बसणाऱ्या बायकांमध्ये हिंदू कोण, ख्रिस्ती कोण आणि मुसलमान कोण, हा प्रश्न भाजीचा भाव करताना कोणाच्या मनात येत नाही. वाडीतला माल सारखाच, बोली थोडीफार वेगळी, आणि संसाराच्या विवंचना तर अगदी एकसारख्या. परंतु यांपैकी एखादीचे घर मोडण्याच्या बेतात आले आणि प्रकरण न्यायालयाच्या पायरीपर्यंत गेले, की कालपर्यंत शेजारणी असलेल्या या स्त्रिया तीन निरनिराळ्या प्रकारच्या पत्नी ठरतात. हिंदू स्त्रीचे पत्नीपण १९५५ च्या विवाह कायद्याने मोजले जाते. ख्रिस्ती स्त्रीचे पत्नीपण १८६९ च्या घटस्फोट कायद्याने मोजले जाते. मुसलमान स्त्रीला शरियत आणि १९३९ चा विवाहविच्छेदाचा कायदा यांच्याकडे वळावे लागते. चूल एकाच तऱ्हेची असली, तरी तिच्यापुढे बसणारी बाई कायद्याच्या दृष्टीने कोण, याचे उत्तर तिच्या घराबाहेर कोठेतरी, फार पूर्वी लिहून ठेवलेले असते.

या तिन्ही कायद्यांत भेद पुष्कळ आहेत. मात्र एका बाबतीत त्यांचे विलक्षण एकमत आहे. पत्नी वेगळी राहू लागली तर तिने नांदायला यावे असा दावा पती करू शकतो, ही तरतूद या तिघींनाही लागू आहे. आज पतीविरुद्ध असा दावा करण्याची मुभा पत्नीलाही आहे. पण आपल्या भाषेत नांदणे हे क्रियापद प्रामुख्याने सुनेसाठी राखून ठेवलेले आहे, आणि दाव्याचा इतिहासही तेच सांगतो. समान नागरी कायद्याची चर्चा आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो. तो कायदा व्हावयाचा तेव्हा होवो. नांदायला येण्याच्या दाव्यापुरती समानता मात्र आपल्याकडे शंभर वर्षांहून अधिक काळ नांदत आहे. ती आली कोठून, आणि तिने घरातल्या स्त्रीला कोणते रूप दिले, हे समजून घ्यावयाचे असेल तर वसईपासून रेल्वेने दीड तासाच्या अंतरावर असलेल्या गिरगावातील एका मुलीच्या आयुष्याकडे पुन्हा एकदा पाहावे लागेल. त्या मुलीचे नाव रखमाबाई.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडील जनार्दन पांडुरंग आणि आई जयंतीबाई. घराणे सुतार समाजातले. जयंतीबाईंचे लग्न चौदाव्या वर्षी झाले, पंधराव्या वर्षी मुलगी झाली आणि सतराव्या वर्षी त्या विधवा झाल्या. त्यांच्या समाजात विधवेच्या पुनर्विवाहाला रूढीची मान्यता असल्याने काही वर्षांनी त्यांचा विवाह डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी झाला. डॉ. सखाराम अर्जुन हे मुंबईतील नामांकित वैद्य, वनस्पतिशास्त्राचे जाणकार, आणि १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक होते. हा विवाह करण्यापूर्वी जयंतीबाईंनी पहिल्या पतीकडून आलेली मालमत्ता आपल्या लहानग्या मुलीच्या नावे केली.

वरवर पाहता ही एक घरगुती व्यवस्था होती. परंतु तिच्यामागे कायदा उभा होता. १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्याने हिंदू विधवेला पुनर्विवाहाची मोकळीक दिली आणि त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाने, पुनर्विवाह होताच पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील तिचा हक्क काढून घेतला. ज्या कायद्याचा आपण सुधारणेची पहिली पायरी म्हणून गौरवाने उल्लेख करतो, त्यानेच विधवा आणि पत्नी यांच्यामध्ये एक रेघ ओढली आणि ती ओलांडणारीकडून जकात वसूल केली. शिवाय, ज्या समाजांत पुनर्विवाह मुळातच रूढ होता तेथील स्त्रियांना या कायद्याने नवे काही दिलेच नव्हते. आईच्या आयुष्यात कायदा असा शिरला, आणि त्यामुळे मुलगी दोन-चार वर्षांच्या वयापासूनच नव्हे, तरी फार लहानपणी मालमत्तेची धनी झाली. ही मालमत्ता पुढे तिच्या खटल्याच्या पार्श्वभूमीला सतत दिसत राहते.

रखमाबाई अकरा वर्षांच्या असताना त्यांचे लग्न दादाजी भिकाजी या एकोणीस वर्षांच्या तरुणाशी लावून देण्यात आले. तो सखाराम अर्जुन यांच्या नात्यातला, घरची गरिबी असलेला मुलगा होता. त्याने सासऱ्याच्या घरी राहावे, शिकावे, मार्गाला लागावे, असे ठरले होते. म्हणजे हा विवाह घरजावयाचा होता. नांदायला जाण्याचा नेहमीचा क्रम येथे उलटा झाला होता. मुलीने घर सोडावयाचे नव्हते, मुलानेच ते सोडून यावयाचे होते. घराघरांत अशा व्यवस्था होत असत आणि समाजाला त्या ठाऊक होत्या. परंतु पुढे प्रकरण न्यायालयात गेले तेव्हा या ठरावाला काहीच किंमत उरली नाही. पतीचे घर ते पत्नीचे घर, एवढेच कायद्याला दिसत होते.

दादाजी शिक्षणात रमला नाही. तो आपल्या मामाकडे राहावयास गेला, आजारी पडला, कर्जात सापडला. त्या मामाच्या घरातील वातावरण मुलीला पाठविण्याजोगे नव्हते, असे रखमाबाईंच्या बाजूचे म्हणणे होते. लग्नानंतर काही महिन्यांतच मुलगी वयात आली, तेव्हा रूढीप्रमाणे गर्भाधानाचा विषय निघाला. डॉ. सखाराम अर्जुन यांनी त्याला ठाम विरोध केला. इतक्या कोवळ्या वयातील मातृत्वाचे परिणाम एक वैद्य म्हणून त्यांना ठाऊक होते, आणि ते घरातही पाहण्यात आले होते. रखमाबाई सावत्र वडिलांच्या घरीच राहिल्या. इंग्रजी वाचू लागल्या, मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणू लागल्या, प्रार्थना समाजाच्या आणि आर्य महिला समाजाच्या सभांना जाऊ लागल्या. वर्षे गेली. मुलगी स्वतःचा विचार करणारी स्त्री झाली, आणि ज्याच्याशी आपल्या संमतीचा प्रश्नच न येता लग्न लागले, त्या माणसाबरोबर संसार करावयाचा नाही, असे तिने ठरविले. मार्च १८८४ मध्ये दादाजीने वकिलांमार्फत नोटीस पाठविली आणि त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात दावा दाखल झाला.

येथे क्षणभर थांबून हा दावा होता तरी काय, हे पाहिले पाहिजे. दांपत्यहक्कांच्या पुनःस्थापनेचा हा दावा आपल्या धर्मशास्त्रातून आलेला नाही. पत्नीने पतीकडे राहावे हा धर्म स्मृतिकारांनी सांगितला खरा, पण ती न गेल्यास पतीने फिर्याद लावावी आणि राजाने तिला बंदिशाळेत टाकावे, असा व्यवहारमार्ग त्यांनी घालून दिलेला दिसत नाही. असे तंटे कुटुंबात, जातीच्या पंचायतीत मिटत. अनेक जातींत काडीमोडाची वाट होती. नांदायला येण्याचा दावा हा इंग्लंडमधील चर्चच्या न्यायालयांचा वारसा. तेथे विवाह हा ख्रिस्ती संस्कार, तो मोडता येत नाही, म्हणून वेगळे राहणाऱ्याला परत पाठविणे हाच एक उपाय शिल्लक होता.

हा परदेशी उपाय हिंदुस्थानात हळूहळू रुजला. १८५६ साली मुंबईच्याच एका पारशी दांपत्याच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने, चर्चच्या अधिकाराने चालणारा असा दावा पारशांमध्ये लागू होणार नाही, असा निर्णय दिला. १८६७ साली एका मुसलमान दांपत्याच्या प्रकरणात त्याच प्रिव्ही कौन्सिलने, असा दावा येथील दिवाणी न्यायालयांत चालू शकतो, असे मान्य केले. त्यानंतर दिवाणी व्यवहार संहितेत या हुकुमाची अंमलबजावणी कशी करावी, हेही घालण्यात आले. १८८२ च्या संहितेतील २६० व्या कलमानुसार हुकूम न पाळणाऱ्याची मालमत्ता जप्त करता येत असे, त्याला तुरुंगात टाकता येत असे, किंवा दोन्ही करता येत असे. घेणेकऱ्याने कर्जदाराविरुद्ध वापरावयाचे हत्यार अशा रीतीने पतीच्या हाती आले. गंमत अशी, की रखमाबाईंवर दावा लागला त्याच वर्षी, १८८४ मध्ये, इंग्लंडच्या पार्लमेंटने आपल्याकडे या कारणासाठी तुरुंगवास देण्याची पद्धत बंद करून टाकली. लंडनमधील स्त्रीला ज्यासाठी तुरुंग उरला नाही, त्यासाठी गिरगावातील स्त्रीला तो उरला.

दावा प्रथम न्यायमूर्ती पिन्हे यांच्यापुढे आला. तत्पूर्वी, एप्रिल १८८५ मध्ये, डॉ. सखाराम अर्जुन निवर्तले होते. ज्यांच्या आधारावर ही मुलगी उभी होती तो आधार खटला ऐन रंगात येण्याच्या वेळीच गेला. २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. त्यांचे म्हणणे साधे होते. जी दोन माणसे कधी एकत्र राहिलीच नाहीत त्यांच्यात पुनःस्थापना कशाची करावयाची? इंग्रजी कायद्यात अशा परिस्थितीचा दाखला नाही आणि हिंदू कायद्यात असा दावाच नाही. अजाण वयात लग्न लावून दिलेल्या तरुणीला तिच्या इच्छेविरुद्ध एका पुरुषाच्या स्वाधीन करणे त्यांना रानटीपणाचे वाटले, आणि त्यांनी ते लपविले नाही.

या निकालाने मोठी खळबळ माजली. अपील झाले. मार्च १८८६ मध्ये सरन्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पहिला निकाल फिरविला. हिंदू विवाह सप्तपदीने पूर्ण होतो. पतिपत्नी एकत्र राहिली की नाही याने त्यात फरक पडत नाही. पत्नीने पतीकडे राहावे हे हिंदू कायदाच सांगतो. तेव्हा दावा चालला पाहिजे, असे त्यांचे तर्कशास्त्र होते. प्रकरण फेरसुनावणीस गेले आणि ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला. रखमाबाईंनी पतीकडे नांदावयास जावे, अन्यथा सहा महिने तुरुंगात जाण्याची तयारी ठेवावी.

या निकालाची घडण बारकाईने पाहण्यासारखी आहे. कर्तव्य घेतले हिंदू शास्त्रातून, दावा घेतला इंग्लंडच्या चर्चकडून आणि शिक्षा घेतली कर्जवसुलीच्या कायद्यातून. यांपैकी कोणत्याही एकाच परंपरेत राहिले असते तर रखमाबाईंवर तुरुंगाची पाळी आली नसती. शास्त्रापाशी तुरुंग नव्हता आणि इंग्लंडने तो नुकताच बंद केला होता. तिन्हींच्या मिश्रणातून मात्र एक अशी पत्नी तयार झाली, की जी ना मनूला माहीत होती ना इंग्रजांना. ही पत्नी म्हणजे कायद्याने सापडलेली वस्तू नव्हे, ती कायद्याने घडविलेली वस्तू होती. आणि एकदा घडविल्यावर ती अनादि काळापासून अशीच आहे, असे सर्वांना वाटू लागले.

त्या वेळच्या वादात सनातन पक्षाची बाजू लोकमान्य टिळकांनी हिरिरीने मांडली. परक्या सरकारने आमच्या विवाहसंस्थेत हात घालू नये, हे त्यांचे सूत्र होते. त्यांच्या दृष्टीने रखमाबाईंचा नकार हा इंग्रजी शिक्षणाचा परिणाम होता. परकीय सत्तेच्या हस्तक्षेपाविषयीची त्यांची चीड खोटी नव्हती, हे आज शांतपणे मान्य करावयास हरकत नाही. परंतु त्यांच्या बाजूने एक विसंगती राहून गेली. धर्मात हस्तक्षेप नको म्हणणाऱ्यांनी धर्माचे रक्षण करण्यासाठी हाती धरले ते शस्त्र परक्याचेच होते. इंग्रजी न्यायाधीशाने दावा फेटाळला तेव्हा तो हस्तक्षेप ठरला आणि इंग्रजी न्यायाधीशाने तुरुंग फर्मावला तेव्हा ती धर्मरक्षा ठरली. सुधारकांच्या पक्षातही सगळे स्वच्छ नव्हते. हिंदू संसाराचे दैन्य दाखविण्याची ही एक संधी म्हणून काही इंग्रजी वृत्तपत्रे या खटल्यावर तुटून पडली. आपल्याच देशात हा दावा कोणी जन्माला घातला, हे त्यांनीही फारसे सांगितले नाही.

या गदारोळात स्वतः रखमाबाई काय म्हणत होत्या, ते अधिक महत्त्वाचे. १८८५ च्या जून आणि सप्टेंबर महिन्यांत टाइम्स ऑफ इंडियात एक हिंदू स्त्री या टोपणनावाने दोन पत्रे प्रसिद्ध झाली. एक बालविवाहावर, दुसरे सक्तीच्या वैधव्यावर. ती रखमाबाईंची होती. बालविवाहाने मुलाचेही नुकसान होते, पण त्याचे शिक्षण चालू राहू शकते आणि त्याला दुसरे लग्नही करता येते. मुलीचे मात्र सारे आयुष्य तेथेच थिजते, हा त्या पत्रांतील विचारांचा गाभा होता. निकालानंतर त्यांनी जाहीर केलेली भूमिकाही तितकीच स्पष्ट होती. पतीच्या घरी जाण्यापेक्षा कायद्याने दिलेली कमाल शिक्षा भोगणे त्यांनी पसंत केले. दादाजीनेही आपली बाजू मांडणारे एक पत्रक छापले. त्यात मालमत्तेचा आणि सासरच्या माणसांच्या हेतूंचा विषय होता. दादाजीला सर्वस्वी खलपुरुष ठरविण्याची गरज नाही. एकोणिसाव्या वर्षी त्याच्यासाठीही लग्न दुसऱ्यांनीच ठरविले होते. घरजावई म्हणून कमीपणा आणि पती म्हणून मालकी, या दोन टोकांपैकी कायद्याने त्याच्या हाती दुसरे ठेवले. ते त्याने उचलले.

एका योगायोगाचीही येथे नोंद घेतली पाहिजे. फॅरन यांच्या निकालाच्या अवघ्या काही दिवस आधी, फेब्रुवारी १८८७ मध्ये, डॉ. आनंदीबाई जोशी पुण्यात मृत्यू पावल्या. एकीने पतीच्या आग्रहामुळे वैद्यकीचे शिक्षण घेतले, दुसरीला ते पतीला नकार दिल्यावरच घेता आले. दोघींच्याही आयुष्याची दिशा पती काय म्हणतो यावरून ठरत होती. आनंदीबाईंच्या वाट्याला पती उत्साही आला, हा नशिबाचा भाग होता. नशिबावर सोडलेल्या गोष्टीला हक्क म्हणत नाहीत.

बेहरामजी मलबारी यांच्यासारख्या सुधारकांनी रखमाबाईंच्या मदतीसाठी समिती उभारली, प्रिव्ही कौन्सिलकडे अपील नेण्याची तयारी चालली. पण ती वेळ आली नाही. जुलै १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजीने आपला हक्क सोडला. व्हिक्टोरिया राणीने स्वतः हुकूम काढून हा विवाह रद्द केला, अशी एक आख्यायिका पुढे रूढ झाली. ती गोड असली तरी खरी नव्हे. प्रकरण मिटले ते तडजोडीने, रोख रक्कम मोजून. आणि त्या तडजोडीने विवाहही मोडला नाही. हुकुमाची अंमलबजावणी तेवढी टळली. दादाजीने लवकरच दुसरे लग्न केले. त्या काळी हिंदू पुरुषाला तशी मुभा होती. रखमाबाई मात्र कायद्याच्या दृष्टीने त्याची पत्नीच राहिल्या. एका बाजूला मोकळा झालेला पती आणि दुसऱ्या बाजूला न नांदणारी, तरी न सुटलेली पत्नी, असे या खटल्याचे अंतिम चित्र आहे.

१८८९ साली त्या इंग्लंडला गेल्या. मुंबईच्या कामा रुग्णालयातील डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना उत्तेजन दिले. लंडनच्या स्त्रियांसाठी असलेल्या वैद्यकीय विद्यालयात त्यांनी शिक्षण पुरे केले आणि त्या परतल्या. मुंबईत प्रसिद्धीच्या झोतात राहण्याऐवजी त्यांनी सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयाचे काम पत्करले. प्लेगच्या साथीतही त्या तेथे राबल्या. सुरतेनंतर राजकोट. तेथील जनाना रुग्णालयातून त्या निवृत्त झाल्या. बाळंतपण, बालमृत्यू, पडद्यात कोंडलेल्या स्त्रियांचे आजार, हे त्यांच्या रोजच्या कामाचे विषय होते. पस्तीसएक वर्षे त्यांनी अशा बायकांची शुश्रूषा केली, की ज्यांच्या जागी त्या स्वतः असावयाच्या होत्या.

१९०४ साली दादाजी वारला. त्यानंतर रखमाबाईंनी विधवेची पांढरी साडी नेसण्यास सुरुवात केली, अशी नोंद आहे. ज्या विवाहासाठी त्या तुरुंगात जावयास तयार झाल्या, त्या विवाहाचे वैधव्य त्यांनी का पत्करले असावे, याचा उलगडा चरित्रकारांना नेहमीच अवघड गेला. त्यांच्या मनाचा तळ आपण गाठू नये. एवढे मात्र दिसते, की कोणत्याही न्यायालयाने त्यांना कधी पत्नीपदातून मुक्त केले नव्हते. समाजाच्या आणि कायद्याच्या लेखी त्या विधवाच झाल्या होत्या. कुमारिका, पत्नी, विधवा या तीन घरांखेरीज चौथे घर त्या काळच्या कायद्याने स्त्रीसाठी आखलेच नव्हते. स्वतःच्या मर्जीने एकटी राहणारी, कमावती, कोणाची कोणी नसलेली स्त्री त्या पटावर कोठे ठेवावयाची, हे त्याला ठाऊक नव्हते.

त्यांच्या खटल्याने काही गोष्टी हलल्या, हे नाकारता येणार नाही. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीचे संमतिवय दहावरून बारावर नेले. त्यामागच्या वातावरणात या खटल्याचा वाटा मोठा होता. १९२३ साली दिवाणी संहितेत दुरुस्ती होऊन नांदण्याच्या हुकुमासाठी तुरुंगवास देणे बंद झाले. १९२९ च्या सारडा कायद्याने विवाहासाठी मुलीचे किमान वय चौदा ठरविले. १९५५ च्या मे महिन्यात हिंदू विवाह कायदा अमलात आला. त्याने पुरुषाचे बहुपत्नीत्व संपविले आणि घटस्फोटाचा मार्ग खुला केला. रखमाबाईंना हे दोन्ही हवे होते. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पण त्या नव्या कायद्याचे नववे कलम कशासंबंधी आहे? दांपत्यहक्कांच्या पुनःस्थापनेसंबंधी. ज्या दाव्याने त्यांना आरोपीसारखे उभे केले, तोच दावा स्वतंत्र भारताच्या कायद्याने, त्यांच्या हयातीत, हिंदू विवाहाचा अंगभूत भाग म्हणून लिहून ठेवला. ज्या देशातून तो आला त्या इंग्लंडने १९७० च्या कायद्याने तो रद्द केला. आपल्याकडे १९८३ साली आंध्र प्रदेशच्या उच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरविले. परंतु पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने, संसार टिकविण्याचा सामाजिक हेतू त्यामागे आहे, असे म्हणून ते कायम केले. २०१९ साली त्याला पुन्हा आव्हान देण्यात आले.

आता होळीच्या बाजाराकडे परत येऊ. तेथील ख्रिस्ती स्त्रीला लागू असलेल्या १८६९ च्या कायद्यातही हाच दावा आहे. त्या कायद्यात आणखीही काही होते. पत्नीचा व्यभिचार सिद्ध झाला की पतीला घटस्फोट मिळे. पतीचा व्यभिचार सिद्ध करूनही पत्नीला मात्र तो मिळत नसे, त्याच्या जोडीला क्रौर्य, परित्याग असे काही दाखवावे लागे. पत्नीच्या जारापासून नुकसानभरपाई मागण्याचा हक्कही पतीलाच होता. हा भेद दूर करणारी दुरुस्ती संसदेत २००१ साली झाली. तोवर सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली होती. दुसरे उदाहरण पाहा. वसई १७३९ साली पोर्तुगीजांच्या ताब्यातून गेली, गोवा १९६१ साली. त्यामुळे गोव्यातील स्त्रीला १८६७ च्या पोर्तुगीज संहितेप्रमाणे सर्वसाधारणपणे विवाहाबरोबरच दांपत्याच्या मालमत्तेत अर्धा वाटा मिळतो. त्याच धर्माच्या, तशीच नावे धारण करणाऱ्या वसईच्या स्त्रीला तो मिळत नाही. चिमाजी अप्पांच्या तोफांचा संबंध आज एखाद्या बाईच्या वाडीतील हिश्शाशी असेल, असे कोणाला वाटेल? हिंदू घरांतही असेच झाले. १९९४ साली महाराष्ट्राने मुलीला वडिलार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध हक्क दिला, पण कायदा येण्यापूर्वी लग्न झालेल्या मुली वगळल्या. एकाच आईबापांच्या दोन बहिणी लग्नाच्या तारखेवरून वारस आणि बिनवारस ठरल्या. ही रेघ २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने पुसली.

पत्नी, विधवा, विवाहित मुलगी ही नावे निसर्गाने दिलेली आणि म्हणून अटळ, असे आपण समजतो. या साऱ्या उदाहरणांतून दिसते ते निराळेच. त्यांचा आशय कलमांनी ठरतो, आणि कलमे बदलली की घरातल्या माणसाचे स्थान बदलते. नांदण्याच्या दाव्याचे समर्थक म्हणतात, की टाकलेल्या पत्नीलाही तो उपयोगी पडतो. परंतु तिला हवी असते ती पोटगी आणि डोक्यावर छप्पर. त्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतील पोटगीची तरतूद आहे आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे. वर्षभर हुकूम पाळला गेला नाही तर घटस्फोट मिळतो, म्हणून अनेकदा हा दावा जोडण्यासाठी नव्हे तर तोडण्यासाठीच दाखल होतो. तोडण्याचा सरळ मार्ग उपलब्ध असताना हा आडमार्ग ठेवण्याचे कारण उरत नाही.

समान नागरी कायदा करावयाचा की निरनिराळे कायदे सुधारावयाचे, हा वाद पुढेही चालेल. त्यात उतरणाऱ्या दोन्ही पक्षांनी एक प्रश्न स्वतःला विचारावा. सर्वांना समान म्हणून जे देणार, त्यात रखमाबाईंना न्यायालयात खेचणारे हे कलमही असणार काय? समानतेच्या नावाखाली ते टिकले, तर होळीच्या बाजारातील तिन्ही शेजारणी एका कायद्याखाली येतील खऱ्या, पण तो कायदा त्यांना १८८७ सालचीच पत्नी समजेल. रखमाबाईंनी सहा महिन्यांची कैद पत्करण्याची तयारी दाखविली ती एका साध्या गोष्टीसाठी: कोणाच्या घरी राहावयाचे हे ज्याचे त्याने ठरवावे. संसार टिकावा असे ज्यांना मनापासून वाटते त्यांनी तो टिकविण्याचे काम घरातल्या माणसांवर, शेजाऱ्यांवर, समुपदेशकांवर सोपवावे. न्यायालयाच्या बेलिफाला त्यातून मोकळे करावे.